दुसऱ्याच्या तोंडचा पाइप

तालमीचा नववा दिवस होता. दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही दुसरा अंक बसवत होतो. काकांनी टेबलावरचा पाइप उचलला, तोंडात धरला, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. पाइप काढून त्यांनी रुमालाने ओठ पुसले, मग जीभही पुसली. दिग्दर्शकाने खालून विचारलं, "वाक्य गेलं का?"

"वाक्य नाही रे," काका म्हणाले. "वास." मग विंगेच्या बाजूला वळून मला हाक मारली, "बाळा, जरा इकडे ये."

मी नाटकात प्रॉपर्टी सांभाळतो, गेली चौदा वर्षं. कंदील, टेलिफोन, चष्मे, पत्रं, चहाचे कप, असं नटाच्या हाताला जे जे लागतं ते माझ्या ताब्यात असतं. हा पाइप मीच आणला होता. नाटकातलं मुख्य पात्र, जे काका करतात, म्हणजे 1968 सालातले एक निवृत्त आगबोट इंजिनिअर. डॉक्टरांनी तंबाखू बंद केला आहे, पण पाइप सुटत नाही. ते तो हातात घेतात, तोंडात धरतात, काडेपेटी काढतात आणि परत ठेवून देतात. शेवटपर्यंत पाइप पेटत नाही. नाट्यगृहात तो पेटवता आलाही नसता. तंबाखूविरोधी कायदा 2003 चा आणि सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करणारे नियम 2008 चे, त्यात सभागृहं येतात. पण आमच्या लेखकाने तो नियमासाठी थंड ठेवलेला नाही. न पेटलेला पाइप हेच त्या माणसाचं दुःख आहे.

काकांनी मला बाजूला नेलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली, त्याआधी तीस वर्षं सिगारेट. "सोडली तेव्हा सहा महिने मी टपरीच्या रस्त्याने घरी गेलो नाही, लांबून जायचो. तेव्हापासून गालात लवंग ठेवतो, ती अजून सुटलेली नाही. आता हा तोंडात धरला की पाच मिनिटांत माझा हात खिशाकडे जातो. खिशात काही नसतं, पण हात जातो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "या नाटकात एक तास दहा मिनिटं हा माझ्या तोंडात आहे. याचा वास काढ. नाही निघाला तर दुसरा आण, पण मला सांग."

पाइप मी चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात घेतला होता. अडीच हजार सांगितले, बाराशेला सुटला. शीसमचे नवे पाइप त्याहून स्वस्त मिळतात, पण त्यांच्यावर व्हार्निशची अशी चकाकी असते की तिसऱ्या रांगेतूनही नवेपणा कळतो, आणि हातात ते पोकळ वाटतात. हा जुना होता, ब्रायरचा. भूमध्य समुद्राकाठी एक झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी जमिनीखाली गाठ धरते. ती गाठ खणून काढतात, कापतात, तासन् तास उकळतात, महिनोन् महिने वाळवतात आणि मग तिच्यातून पाइप कोरतात. आगीजवळ राहूनही सहसा न जळणारं लाकूड. या पाइपच्या मानेवर 'लंडन मेड' इतकीच पुसट अक्षरं होती. काकांच्या मुठीत तो असा बसला की दिग्दर्शक पहिल्याच दिवशी म्हणाला, हाच. त्यामुळे दुसरा आणायचा विचार मी केला नाही.

वास मात्र विचित्र होता. जुन्या तंबाखूचा म्हणजे कडू, राखेचा, हे मला अपेक्षित होतं. याच्यात त्याच्यावर एक गोड वास होता, साबणासारखा. नरकचतुर्दशीला पहाटे मोती साबणाचा कागद सोडल्यावर येतो तसा गुलाबी वास, आणि खाली राख.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते आज कोणालाही करू देणार नाही. घरी आल्यावर बेसिनमध्ये गीझरच्या कडकडीत पाण्याखाली पाइप धरला, भांड्याचा साबण लावला, आतून बाटली धुवायचा ब्रश फिरवला. मग दोन्ही भाग, म्हणजे लाकडी वाटी आणि तोंडात धरायची काळी नळी, गॅलरीत उन्हात ठेवले. आमच्याकडे ताकाची रवी अशीच साफ होते. आईची रवी चाळीस वर्षांची आहे. गरम पाणी आणि ऊन, एवढ्यावर ती आंबट वास धरत नाही. लाकूड ते लाकूड, असं मला वाटलं.

संध्याकाळी काळी नळी हिरवट तपकिरी झालेली होती. तोंडाजवळ नेली तर दिवाळीच्या फटाक्यांचा वास. ती नळी प्लास्टिकची नव्हती, एबोनाइटची होती. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की ते असं कडक आणि काळं होतं. ऊन आणि गरम पाणी लागलं की वरचा थर खराब होऊन गंधक पृष्ठभागावर येतं. आणि वाटीतला साबणी वास जसाच्या तसा. उलट ओल्या लाकडातून तो जास्त येत होता.

माझ्या ओळखीच्या एका घड्याळ दुरुस्तीवाल्याने मला दादर पारशी कॉलनीतल्या एका वृद्ध अंकलकडे पाठवलं. त्यांच्याकडे अकरा पाइप होते, लाकडी मांडणीत उभे केलेले. ओढणं त्यांनी सहा वर्षांपूर्वी बंद केलं होतं, पण दर रविवारी सगळे पाइप पुसून परत लावायचे. मी पिशवीतून पाइप काढला. त्यांनी नळी ओढून बाजूला केली, वाटी नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

"लेकलँड," ते म्हणाले. "केंडलचा तंबाखू. साला निघता निघत नाय."

केंडल हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं, सरोवरांच्या प्रदेशातलं गाव. तिथे अठराव्या शतकाच्या शेवटापासून तपकीर आणि तंबाखू बनतो आहे आणि तिथल्या काही तंबाखूंना फुलांची अत्तरं लावायची जुनी चाल आहे. गुलाबासारखा वास येणारं जिरेनियम, टोंका नावाची बी, असले वास. अंकल म्हणाले, दोनच तंबाखू पाइपला कायमचे चिकटतात. एक हा, आणि दुसरा लताकिया, जो सीरिया-सायप्रसकडचा, लाकडाच्या धुरावर धुरावलेला असतो. एकदा ते ओढले की पाइप त्यांचाच होतो. शौकीन लोक अशा तंबाखूसाठी वेगळा पाइप ठेवतात.

मी काय केलं ते सांगितलं. पाण्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. "डिकरा, डांबर पाण्यात जाते काय?"

हे ऐकून मला सगळं उमगलं. हिंगाची डबी आपण पाण्याने किती धुतो, वास जातो का? वास ज्या पदार्थात अडकलेला असतो तो आधी विरघळला पाहिजे, आणि तंबाखूचं डांबर स्पिरिटमध्ये विरघळतं. आणि दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती अशी की मी चुकीच्या जागी घासत होतो. सगळे वाटी घासतात, कारण ती दिसते. तंबाखू जळताना वाफ तयार होते, ती धुराबरोबर पुढे जाते आणि गार झाल्यावर पाइपच्या मानेत पाणी होऊन बसते. डांबर, निकोटीन, अत्तर, सगळं तिथे जमतं, वर्षानुवर्षं. नळी जिथे मानेत घुसते त्या सांध्यात तर त्याची कडी तयार होते. अंकलनी कानकोरण्यासारखं एक बारीक हत्यार आत घालून फिरवलं आणि बाहेर काढलं. त्यावर जे होतं ते रस्त्यावरच्या डांबराच्या गोळीसारखं होतं. तो गोड वास तिथूनच येत होता.

इतके दिवस काकांच्या जिभेवर काय उतरत होतं ते मला तेव्हा दिसलं. मला फार वाईट वाटलं. प्रेक्षकांना पाइपचा वास येणार नव्हता, तिसऱ्या रांगेलाही नाही. पण आमच्या कामात अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या फक्त नटाला कळतात. पत्रातला मजकूर कोणी वाचत नाही, तरी मी तो पूर्ण लिहितो, कारण नट तो वाचत असतो. चहा गरम असला तर कप धरणारा हात खोटा पडत नाही. तोंडात धरायची वस्तू मी न तपासता दिली, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अंकलनी सांगितलेलं काम पुढचे तीन आठवडे चाललं.

आधी काजळी. वाटीच्या आत जळकट थर होता, जवळजवळ दोन रुपयांच्या नाण्याइतका जाड. ओढणारे लोक पातळ थर मुद्दाम ठेवतात, लाकडाला आच लागू नये म्हणून. आपल्याला पेटवायचाच नाही, तेव्हा अंकल म्हणाले, लाकडापर्यंत जा. बोटाएवढ्या गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून मी तो गोल गोल फिरवत उतरवला. टोकदार चाकू घालायचा नाही, तळाशी धुराचं भोक असतं ते वेडंवाकडं होतं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी आत तांबूस लाकूड दिसलं.

मग स्पिरिट. हिरवट किंवा जांभळं मिळतं ते घ्यायचं नाही, त्यात विषारी मिथेनॉल घातलेलं असू शकतं आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे. मी मेडिकलच्या होलसेल दुकानातून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. पुष्कळ लोक वाटीत जाडं मीठ भरून वर अल्कोहोल ओततात. मीठ रात्रभरात तपकिरी होतं. पण अंकलचा एक आवडता पाइप मीठ मानेत शिरून तडकला होता, त्यामुळे त्यांनी मीठ बंद केलं आणि कापूस धरला. कापूस घरात होताच. आईच्या फुलवाती वाटीत भरल्या, एक लांब वात वळून मानेच्या भोकातून ओवली, आणि ड्रॉपरने थेंब थेंब अल्कोहोल सोडलं. सकाळी सगळ्या वाती चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. देवाच्या वाती या कामाला वापरतोय म्हणून मला वाटलं आई बोलेल. तिने फक्त विचारलं, "तो माणूस वाचला ना बायपासमधून? मग घे."

पाइप साफ करायच्या तारा, ज्यांना मऊ लव असते, त्या मुंबईत स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. शाळेतल्या मुलांच्या हस्तकलेसाठी असतात. रंगीत घेऊ नका. मी लाल घेतली, अल्कोहोलमध्ये रंग सुटला आणि अर्धा दिवस मला वाटत राहिलं की लाकडाला काहीतरी झालंय. पांढरीच घ्यावी.

असे चार फेरे झाले, पाइप वाळवायचा, परत भरायचा. वाटीतला वास गेला. मानेतला मात्र अर्धाच गेला. तेव्हा अंकलनी कपाटातून एक जुनी काचेची नळी काढली. नवी हवी तर प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. टेस्ट ट्यूबमध्ये बोटभर अल्कोहोल, तिच्या तोंडाला रबराची नळी, रबराचं दुसरं टोक पाइपच्या काळ्या नळीवर घट्ट बसवायचं, आणि वाटीत सैल कापूस. टेस्ट ट्यूब गरम केली की वाफ नळीतून, मानेतून वाटीत चढते. काढून गार केली की आत पोकळी होते आणि सगळा द्रव परत खाली खेचला जातो, येताना घाण घेऊन. लोक हे मेणबत्तीवर करतात. अंकलनी मला शपथ घालून सांगितलं, आगीजवळ नाही. हे अल्कोहोल साधारण 82 अंशांना उकळतं. नुकतं उकळून गॅस बंद केलेलं पाणी त्याला पुरतं. दुसऱ्या खोलीत नेलेल्या पातेल्यात टेस्ट ट्यूब बुडवली आणि खिडक्या उघड्या ठेवल्या.

पहिल्या फेरीत जे खाली आलं ते बिनदुधाच्या कडक चहासारखं होतं. दुसरं तसंच. तिसरं जरा फिकं. प्रत्येक वेळी ट्यूबमधला द्रव बदलायचा. सातव्या फेरीत तो गव्हाच्या रंगाचा झाला, नवव्या फेरीत पाण्यासारखा. तासभर मी दुसरं काही पाहिलं नाही. एखाद्याने वर्षानुवर्षं रोज ओढलेलं काचेत उतरत होतं, आणि तो कोण होता याचा मला काहीच पत्ता नव्हता.

आमच्या लाइटवाल्या दादाने मध्येच गोव्याच्या दौऱ्यावरून काजूची फेणी आणली होती, तिने धू म्हणाला. त्याने प्रेमाने आणली, पण फेणीचा स्वतःचा वास इतका पक्का असतो की एक काढून दुसरा घातल्यासारखं झालं असतं. बाटली मी परत दिली.

जुलै सुरू झाला होता. मुंबईच्या पावसात लाकूड वाळत नाही, दार फुगतं तिथे ब्रायरची काय कथा. आईने तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितलं. तांदळाला वास लागेल म्हणून मी नको म्हटलं आणि औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून स्टीलच्या डब्यात त्यांच्याबरोबर पाइप ठेवला. तीन दिवस. वाळल्यावर शेवटची पायरी. फिश टँकच्या दुकानात पाणी गाळायला काळे कोळशाचे दाणे मिळतात. ते वाटीत भरून, काळी नळी काढून ठेवून, पाइप ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तीन तास ठेवला. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय हे करायचंच नाही. उष्णतेने लाकडातला उरलेला वास सुटतो आणि कोळसा तो धरतो. ओव्हनचं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात शेवटचा एकदा तो गुलाब आला, अगदी हलका, आणि गेला.

नळीचं काम त्या मानाने सोपं, फक्त हात दुखवणारं. हिरवट थर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने उतरवला, आधी 800, मग 1000, मग 2000 नंबर. गंधकाचा वास त्या थरातच असतो, थर गेला की वासही जातो. दाताचे खळगे दोन होते, डाव्या बाजूला. दिग्दर्शकाला ते हवे होते. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचे दात माझ्या तोंडात नकोत." एबोनाइट तापलं की दाबलेला भाग आपोआप वर येतो. ऊन पाण्यात बुडवून खळगे बरेचसे भरून आले, उरलेले घासले. बाहेरून खोबरेल तेलाचा हात दिला, चोवीस तासांनी पुसून काढलं.

आता प्रश्न होता, वास खरंच गेला का? तीन आठवडे पाइप हुंगून माझं नाक बोथट झालं होतं. मला कधी सगळीकडे गुलाब यायचा, कधी कुठेच काही यायचं नाही. आमचा कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंचं नाक आख्ख्या कंपनीत तिखट. कोणत्या शेरवानीला कोणत्या प्रयोगाचा घाम लागलाय ते त्या सांगतात. त्यांच्यासाठी मी पाइप रात्रभर बंद डब्यात ठेवला, कारण बंद जागेत वास साठतो. सकाळी झाकण त्यांच्या नाकाखाली उघडलं. "लाकूड," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत हुंगून, "थोडं खोबरं. बाकी काही नाही."

पण कोरडा पाइप आणि तोंडातला पाइप वेगळे. ओलावा आणि ऊब लागली की मुरलेलं वर येतं. म्हणून एका दुपारी मी स्वतः तो तोंडात धरून बसलो, घड्याळ लावून एक तास दहा मिनिटं, समोर नाटकाची संहिता. मी आयुष्यात तंबाखू ओढलेला नाही, त्यामुळे मला चव लगेच कळली असती. पहिली पंधरा मिनिटं काही नाही. पाऊण तासानंतर जिभेच्या टोकाला किंचित कडवट आलं. संहिता खाली ठेवली. पांढरी तार मानेतून फिरवली, टोकाला फिकट पिवळा डाग. सांध्याच्या आतल्या कडेला थोडं राहिलं होतं. परत टेस्ट ट्यूब, परत सिलिका. दुसऱ्या वेळी पूर्ण वेळ काही आलं नाही.

रंगीत तालमीला मी पाइप काकांच्या हातात दिला. ते काही म्हणाले नाहीत, मीही नाही. पहिला अंक झाला, दुसरा सुरू झाला. जिथे ते काडेपेटी काढतात तिथे या वेळी त्यांनी पाइप दातांत धरून ठेवला आणि पुढचं पूर्ण स्वगत तसंच म्हटलं, ओठाच्या कोपऱ्यातून. ते तालमीत ठरलेलं नव्हतं. मी विंगेतून त्यांचा उजवा हात पाहत होतो. तो शेवटपर्यंत खुर्चीच्या हातावर होता.

शिवाजी मंदिरला शुभारंभाचा प्रयोग झाला. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगानंतर काका पाइप माझ्याकडे देतात आणि मी लगेच नळी वेगळी न करता तो आधी गार होऊ देतो. सांधा घट्ट असला आणि तसाच ओढला तर मोडू शकतो. मग तार फिरवतो, अल्कोहोलचा बोळा लावतो, डब्यात ठेवतो.

परवा सव्विसावा प्रयोग झाला. आदल्या रात्री उशीर झाल्यामुळे मी पाइप न पुसता तसाच डब्यात ठेवला होता. सकाळी ताईंच्या समोर डबा उघडला. त्यांनी वाकून हुंगलं.

"लवंग," त्या म्हणाल्या.

पुढचा प्रयोग रविवारी पार्ल्याला, दीनानाथला आहे. पाऊस अजून आहे. आज रात्री मानेत एक वात ओवून ठेवतो, शनिवारपर्यंत वाळेल.